कोम दौलू

हेळव्याच्या वहीत आमची सात पानं आहेत.
चिकोडीकडून येतो तो, सुगी सरली की.
त्याचा बाप नंदीवर बसून यायचा,
हा पोराच्या मोटारसायकलवर, मागं,
मांडीवर वही, वहीला पिवळं फडकं.
दोन पायली जोंधळे पोत्यात पडले की सूर धरतो:
सातबाचा दौलू, दौलूचा ज्ञानू,
ज्ञानूचे तिघं, मधला निर्वंशी,
धाकट्याचा तुझा बा.
आणि दौलूची बायको? मी विचारलं.
त्यानं पान उलटलं, परत सुलटं केलं.
"बायका आमी लिवत न्हाई, बाई.
त्यास्नी त्येंच्या म्हायेरच्या हेळव्याला इचारा."
कुठलं माहेर, तेही त्याच्या वहीत नव्हतं.

एकतीस वर्षं मी सिटी सर्व्हेत
लोकांना त्यांच्या आज्या-पणज्यांचे उतारे दिले,
शिक्का मारून, सही करून, उद्या या म्हणून.
आता रोज दफ्तरखान्यात जाऊन बसते.
टाऊन हॉलच्या झाडांखालून जाताना वर बघते:
वटवाघळं ओळीनं लोंबत असतात.
मोडीचंही तसंच, अत्तार सर म्हणतात,
आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची.
उर्दू शाळेतून निवृत्त झालेत सर.
पानाला चाळीस रुपये घेतात,
शिंक आली की थांबतात, तिचे घेत नाहीत.
शेजारच्या टेबलावर पोरं दाखल्यासाठी एकच शब्द शोधतात,
सापडला की मोबाईलवर फोटो,
आणि रुमाल तसाच उघडा टाकून पसार.

तिसऱ्या आठवड्यात दौलू सापडला.
मौजे महे, सन तेराशे सात फसली.
त्याची म्हैस सरकारी कुरणात शिरली.
दंड आठ आणे.

बस्स.
कुठली लढाई नाही, इनाम नाही, गावकीचा मान नाही.
म्हैस मात्र सविस्तर:
अंगानं बांडी, डावं शिंग मोडकं, वेत चौथं.
दौलूचा रंग कुणी लिहिला नाही.

"पुढं आहे," सर म्हणाले.
सदरहू इसम तापानं पडून,
सबब दंड भरणार...
आणि इथं कसरीनं खाल्लेलं,
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक,
भोकातून खालच्या पानावरचा कुणाचातरी शेतसारा दिसतो.
भोकापुढं दोन शब्द: कोम दौलू.
दौलूची बायको.

त्याखाली एक गोल.
मला वाटलं, शून्य. बाकी काही नाही असं.
"बांगडी आहे ती," सर म्हणाले.
"कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस, बाईची बांगडी.
काढतो कारकूनच.
ती नुसती कलमाला हात लावते."

भिंग घेऊन बघितलं.
बांगडी पुरी मिटलेली नाही,
शेवटाला शाई बाहेर ओढली गेलीय, शेपटासारखी.
हात जरा लवकरच काढून घेतला असेल तिनं.
घरी तापलेला माणूस,
दारात तीच म्हैस, धारेची वेळ.
किंवा कारकुनाचा टाक खराब असेल.
मला ठरवता येत नाही.

रात्री आक्काआत्याला फोन केला, पेठवडगावला.
आपल्या खापरपणजीचं नाव काय गं?
बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
"येसा असंल. न्हाईतर गौरा.
काय की बाई.
म्हशीचं इचार, म्हशीचं सांगते.
आपल्यात थोरल्या म्हशीला
पिढ्यान्‌पिढ्या मोरणीच म्हणत आलेत."

औंदा हेळवी आला तेव्हा मी म्हटलं,
दौलूच्या बाजूला एक बांगडी काढा.
"वहीत चित्रं काडत न्हाईत."
मी आणखी एक पायली ओतली.
पोरगं गाडीवरून हसलं.
म्हाताऱ्यानं पेन झटकला, जिभेला लावला,
आणि दौलूला खेटून काढला एक गोल,
वाकडा, घाईचा.
खाली कानडीत एक ओळ लिहिली.
माझ्या छातीत धडधडलं.
काय लिहिलंत?

"जोंधळं तीन पायली," तो म्हणाला.
"पोच."